‘चार सूत्रं आणि एक्सेल पुरे’ या प्रतिक्रियेला उत्तर

आंतरराष्ट्रीय वित्त विषयातल्या मास्टर्सच्या तयारीवरच्या लेखाखाली तुम्ही चार आक्षेप नोंदवलेत. अर्थमितीचा, म्हणजे आर्थिक आकडे संख्याशास्त्राने तपासण्याच्या शास्त्राचा, उगाच बागुलबुवा केलाय. फॉरवर्ड दर (पुढच्या तारखेला चलन बदलण्यासाठी आजच ठरवलेला दर) म्हणजे बाजाराचा पुढच्या दराबद्दलचा अंदाज, एवढी साधी गोष्ट अवघड करून सांगितलीय. चार सूत्रं आणि एक्सेल आलं की भागतं. आणि प्रबंधाला सहा आठवडे पुरतात. वर, गणिताची यादी वाचूनच मुलं पळतील, असा टोलाही हाणलाय.

टोला वर्मी लागला, हे आधी कबूल करतो. इटो कॅल्क्युलस, म्हणजे यदृच्छेने हलणाऱ्या किमतींचं कलनशास्त्र, त्या यादीत नको होतं. ऑप्शनचं (ठरलेल्या दराने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या कराराचं) मूल्यमापन हा ऐच्छिक विषय घेणाऱ्यांनाच ते लागतं, आणि त्यांना ते तिथे शिकवलं जातं. यादीतून काढलंय. बाकीच्या आक्षेपांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

फॉरवर्डपासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याला चिकटून येतं. समजा, आजचा स्पॉट दर, म्हणजे आत्ताच्या सौद्याचा दर, एका युरोला १.१००० डॉलर आहे; वर्षभराचं व्याज डॉलरवर ५ टक्के, युरोवर ३ टक्के. मग वर्षभराचा फॉरवर्ड १.१००० × १.०५ ÷ १.०३, म्हणजे १.१२१४ निघतो. युरो चढेल की पडेल, हे या गणितात कुणालाच विचारलेलं नाही. एखाद्या बँकेने १.१३०० दर लावला तर ११ लाख डॉलर कर्जाऊ घ्यायचे, त्यांचे १० लाख युरो करून वर्षभर व्याजाने ठेवायचे, आणि मिळणारे १० लाख ३० हजार युरो आजच फॉरवर्डने विकून टाकायचे. वर्षअखेर हातात ११,६३,९०० डॉलर, फेड ११,५५,००० ची. मधले ८,९०० डॉलर जोखीम न घेता सुटतात, म्हणून असा दर टिकत नाही. (खरेदी आणि विक्रीच्या दरातली तफावत त्यातला काही भाग खाते, ते सोडून देऊ.)

परीक्षेत इथेच दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे अपूर्णांक उलटा मांडणं. दर ज्या चलनात सांगितलाय, त्याचं व्याज वर. इथे दर डॉलरमध्ये आहे, म्हणून १.०५ वर. उलटं केलंत तर १.०७९० येतं. ताळा सोपा आहे: जास्त व्याजाचं चलन फॉरवर्डमध्ये स्वस्त दिसलं पाहिजे. दुसरी चूक मुदतीची. ९१ दिवसांच्या फॉरवर्डला वार्षिक व्याज सरळ घालता येत नाही. डॉलर आणि युरोसाठी ९१/३६० ने गुणायचं, मग दर १.१०५५ येतो. पौंड आला की त्याच्या बाजूला ३६५. सूत्र पाठ असलेल्यांचेच गुण इथे जातात.

आता, व्याजदरांच्या पोटातच बाजाराच्या अपेक्षा दडलेल्या असतात, असं तुम्ही म्हणू शकता. रास्त आहे. पण मग हे म्हणणं आकड्यांवर घासून बघावं लागेल. स्पॉट दरात पुढे झालेला बदल एका बाजूला, आधीचा फॉरवर्ड प्रीमियम (फॉरवर्ड आणि स्पॉट यांतला फरक) दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रिग्रेशन, म्हणजे दोन्हींमधून सरळ रेषा बसवणं. तुमचं बरोबर असेल तर त्या रेषेचा उतार १ च्या आसपास यायला हवा. अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांनी १९८४ मध्ये हे तपासलं तेव्हा उतार ऋण आला. म्हणजे फॉरवर्ड ज्या दिशेला बोट दाखवत होता, दर सरासरीने त्याच्या उलट दिशेला गेला. कारण जोखमीचा मोबदला की अपेक्षांमधली चूक, हा वाद आजही वर्गात चालतो. त्याआधी १९८३ मध्ये मीस आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की वर्षभरापर्यंतच्या पल्ल्यात, ‘आजचाच दर उद्या राहील’ या बाळबोध अंदाजाला त्या वेळची नावाजलेली प्रतिमानंही मागे टाकू शकत नाहीत. थोडक्यात, तुमचा दुसरा आक्षेप तपासायला घेतला की पहिला आपोआप गळतो. अर्थमिती आली ती याच दाराने.

वरचं आर्बिट्राजचं, म्हणजे दरांतल्या फरकातून बिनजोखमीचा नफा काढण्याचं, गणितसुद्धा २००८ नंतर तंतोतंत जुळत नाही, हेही सांगायला हवं. प्रमुख चलनांतसुद्धा थोडी तफावत उरते, आणि तिमाहीअखेर ती फुगते. तो व्यवहार करायला बँकेला स्वतःचा ताळेबंद वाढवावा लागतो, आणि बासेल ३ या आंतरराष्ट्रीय बँक नियमांतल्या लिव्हरेज रेशोमुळे (ताळेबंदाच्या प्रमाणात भांडवल ठेवण्याच्या अटीमुळे) ती वाढ फुकट राहिलेली नाही. पाठ्यपुस्तकातलं समीकरण कोणत्या गृहीतकावर उभं आहे हे विचारायची सवय म्हणजेच मास्टर्स, असं माझं मत आहे.

एक्सेलचं म्हणाल तर ते लागतंच. दोन चलनांतल्या प्रकल्पाचं मूल्यमापन त्यातच होतं. (परकी रोख परक्या व्याजदराने वटवून, म्हणजे आजच्या मूल्यात आणून, स्पॉटने बदला, किंवा फॉरवर्डने बदलून देशी दराने वटवा, उत्तर एकच यायला हवं. नाही आलं तर दोन्ही रीतींची खिचडी झालीय.) पण वरचं रिग्रेशन तीन महिन्यांचे फॉरवर्ड आणि दरमहाचे आकडे घेऊन केलंत की लागोपाठच्या निरीक्षणांचे दोन महिने सामाईक असतात. त्रुटी एकमेकींत गुंततात, साधी प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) सहसा खोटी लहान दिसते, आणि नसलेला परिणाम ठळक वाटतो. त्यावर असा गुंता धरून प्रमाण त्रुटी काढणारी न्यूई-वेस्ट पद्धतीची दुरुस्ती लागते, ती एक्सेलच्या तयार रिग्रेशनमध्ये नाही. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांत एका ओळीचं काम आहे.

आणि सहा आठवडे. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात. प्रबंध १५ क्रेडिटचा असेल तर ३७५ ते ४५० तास झाले. आठवड्याला ४० तास धरले तरी सहा आठवड्यांत २४० च होतात. त्यातही मॉडेल चालवायला फार वेळ लागत नाही, सगळा वेळ आकडे जुळवण्यात जातो.

प्रबंधात नेहमी दिसणारी एक चूक बघा. दोन देशांच्या किंमतपातळीवर विनिमय दराचं रिग्रेशन थेट चालवलं की आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांना किती जुळते त्याचं ० ते १ मधलं माप) ०.९ च्या वर जातो आणि विद्यार्थी खूश होतो. दोन्ही मालिका नुसत्या काळाबरोबर सरकत असतात, त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितीतज्ज्ञांनी १९७४ मध्येच हा सापळा दाखवलाय: आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा (लागोपाठच्या त्रुटी एकमेकींत किती गुंतल्यात ते सांगणाऱ्या आकड्यापेक्षा) मोठा दिसला की संशय घ्या. आधी युनिट रूट चाचणी (मालिका अशी भरकटणारी आहे का ते बघणारी), मग लॉगमधला फरक घ्यायचा की कोइंटिग्रेशन, म्हणजे दोन्ही मालिका दीर्घकाळात एकत्र बांधलेल्या आहेत का, ते तपासायचं हे ठरवा.

त्याहून चोरटी चूक तारखांची. स्पॉटचा व्यवहार बहुतेक चलनांत दोन कामकाजी दिवसांनी पुरा होतो आणि फॉरवर्डची मुदत त्या दिवसापासून मोजतात, सौदा झाला त्या दिवसापासून नव्हे. स्पॉट लंडनच्या दुपारी चारचा आणि व्याजदर न्यूयॉर्कच्या बंद वेळचा घेतलात, तर मधल्या तासांतली हालचाल तुमच्या निष्कर्षात ‘तफावत’ म्हणून उगवते आणि मार्गदर्शक पहिला प्रश्न तिथेच विचारतात. प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर वेळ, पूर्ततेची तारीख आणि दिवस मोजायची पद्धत लिहा, आणि मगच पहिलं रिग्रेशन चालवा.