"संपलेल्या ट्यूब विकल्या" या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. हौसेने घेतलेला गिटारचा ॲम्प घरी नेल्यावर मनासारखा वाजला नाही की किती चिडचिड होते ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही दोघंही आधी गिटार वाजवणारे, दुकानदार नंतर झालो.

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की डिस्टॉर्शन पातळ आणि चिरकं आहे, डबीत माशी अडकल्यासारखा आवाज येतो, सूर विरताना खरखर होते, आम्ही संपलेल्या ट्यूब (ॲम्पमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) घालून ॲम्प गळ्यात मारला आणि तपासायला आणल्यावर वरून पैसे मागितले. बाकीचं एक वेळ सोडून देऊ. ट्यूबबद्दल मात्र लिहावंच लागतंय. हे वाचून लोक फोनवर विचारायला लागलेत, "तुमच्याकडच्या ट्यूब चालू असतात ना?" वापरलेले ॲम्प दुरुस्त करणं आणि विकणं, याशिवाय आमचा दुसरा धंदा नाही.

तुम्ही तक्रार घेऊन आलात तेव्हा ॲम्पमध्ये आम्ही दिलेल्या ट्यूब नव्हत्याच. ऑनलाइन मागवलेली ईएल३४ची (स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबची) नवी जोडी तुम्ही स्वतः बसवली होती. आमच्या ट्यूब खोक्यात होत्या, खोक्यावर आमच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. अभिप्रायात याचा उल्लेख कुठेच नाही.

नव्या ट्यूब घालू नयेत असं आमचं म्हणणं नाही, ॲम्प तुमचा आहे. पण बायस, म्हणजे काही वाजत नसतानाही ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा ते, या ॲम्पमध्ये आपोआप जुळत नाही. हा ॲम्प फिक्स्ड बायसचा आहे, ट्यूब बदलल्या की बायस पुन्हा लावावाच लागतो. ईएल३४च्या प्लेटची (ट्यूबमधला करंट गोळा करणाऱ्या भागाची) उष्णता सोसायची मर्यादा २५ वॉट. त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास बायस ठेवायचा, असा या कामातला रुळलेला हिशोब आहे. तुमच्या ॲम्पमध्ये प्लेटवर ४५० व्होल्ट मिळतात, म्हणजे एकेका ट्यूबमधून ३८-३९ मिलिअँपिअर. विकताना आम्ही मुद्दाम ३६ वर ठेवला होता, ट्यूब जरा जास्त टिकाव्यात म्हणून. तुमच्या नव्या जोडीत मोजलं तर एकीत १२ आणि दुसरीत २३! मीटर तुमच्यासमोरच धरला होता. जोडी म्हणून कुणी विकली असली तरी तिला जोडी कसं म्हणायचं?

आता त्या खरखरीचं. पुश-पुल ॲम्पमध्ये लाटेचा एक अर्धा भाग एक ट्यूब सांभाळते आणि दुसरा अर्धा दुसरी. दोघी इतक्या थंड, म्हणजे कमी करंटवर, चालत असल्या की एकीने सोडलंय आणि दुसरीने अजून धरलेलं नाही, अशी फट प्रत्येक लाटेत पडते. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात आणि ते कानाला बोचतंच. जोरात वाजवताना ते झाकलं जातं, सूर विरायला लागून लाट लहान झाली की उघडं पडतं. म्हणजे तुम्ही ऐकलंत ते अगदी बरोबर ऐकलंत. तुमच्या कानाबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

एवढ्यावर आम्ही थांबलो नव्हतो. दुसऱ्या कॅबिनेटवर वाजवून पाहिलं, कारण स्पीकरची व्हॉइस कॉइल घासत असली तरी असाच आवाज येतो. इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या) सेंड आणि रिटर्नमध्ये पॅच केबल घातली. जुन्या ॲम्पमध्ये रिटर्न जॅकचा कॉन्टॅक्ट काळा पडला की आवाज पातळ होतो, पण इथे फरक पडला नाही. प्रीॲम्पच्या (पहिल्या टप्प्याच्या) १२एएक्स७ ट्यूब पेन्सिलने ठोकून पाहिल्या, कपलिंग कपॅसिटरमधून ग्रिडवर डीसी गळतोय का तेही मोजलं. पैसे मागितले ते याच कामाचे. चेसिस उघडायची तर आधी फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करावे लागतात, प्लग काढल्यावरही त्यात जीव जाण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. (तुम्ही घरी चेसिस उघडू नका, ही कळकळीची विनंती.)

मग जुन्या ट्यूब परत बसवल्या, बायस लावला. वाजवून तुम्ही स्वतः "आता बरंय" म्हणालात. त्यानंतर चार दिवसांनी हा अभिप्राय आला. घरी जाऊन नवी जोडी पुन्हा घातली गेली असावी असं वाटतं. "असावी" म्हणतोय, कारण आमचे फोन तुम्ही उचलले नाहीत.

राग मानू नका, पण सेटिंगचंही सांगतो. तुम्ही गेन आणि बास दोन्ही शेवटपर्यंत फिरवून वर डिस्टॉर्शन पेडल लावता आणि मास्टर (एकूण आवाज) जेमतेम १ वर ठेवता. त्यात सगळं डिस्टॉर्शन प्रीॲम्प आणि पेडलचं, ईएल३४ना कामच उरत नाही. बास जास्त असला की गेनमध्ये त्याचा चिखल होतो. गेन निम्मा करा, बास उतरवा, पेडलचा ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल जास्त ठेवून बघा. शिवाय तुमच्या गिटारचे पिकअप ॲक्टिव्ह आहेत. त्यातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली तर कोणताही ॲम्प फाटकाच वाजेल.

यापुढे प्रत्येक ॲम्पबरोबर बायसचे आकडे कागदावर लिहून द्यायचं ठरवतोय, बाकीही काही गोष्टी सुधारतो आहोत.

ॲम्प घेऊन या, दोन्ही जोड्या आणा. नव्या जोडीला बायस लावून देऊ, त्याचे पैसे नकोत. मात्र या ॲम्पला बायस जुळवायचा पॉट (फिरवायचा स्क्रू) दोन्ही ट्यूबना मिळून एकच आहे, १२ आणि २३ मधली तफावत त्याने जाणार नाही, तेव्हा ती जोडी विकणाऱ्याकडून बदलून मिळते का तेवढं विचारा. संध्याकाळी ७ नंतर आलात तर बरं. शेजारचं ऑफिस तोवर बंद झालेलं असतं, मास्टर वर नेऊन ऐकता येईल.