कंट्रोलर विकता, मग तो नीट बसवून कोण देणार?

द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या ब्लोअरवर रेट कंट्रोलर, म्हणजे ट्रॅक्टरच्या वेगानुसार प्रवाह कमीजास्त करून एकरी मात्रा सारखी ठेवणारे उपकरण, विकताना दुकानदार ज्या तोऱ्यात बोलतो, त्याच्या निम्मी काळजी जरी तो बसवून देताना घेतली असती, तरी आज माझा इतका संताप झाला नसता. गोडी छाटणीनंतरचे (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतरचे) दिवस आहेत, दिंडोरी-निफाड पट्ट्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीजन्य रोग बघता बघता बाग धरतो, आणि अशा वेळी इतके पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, हे कोणत्याही बागायतदाराने का सहन करावे?

वायरिंगच पाहा. कंट्रोलरची मुख्य वायर थेट बॅटरीवरून, जवळच फ्यूज टाकून घ्यायची असते. आमच्याकडे आलेल्या फिटरने ती हेडलाइटच्या वायरीला पीळ देऊन जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि अर्थिंगचा बोल्ट चासीवरचा रंग न खरवडताच आवळला. परिणामी संध्याकाळी दिवे लावले की कंट्रोलरचा डिस्प्ले विझतो, पुन्हा पेटतो, आणि तेवढ्या वेळात व्हॉल्व्ह जिथे असेल तिथेच थांबतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) आणि गंधकाच्या तुषारांत रोज भिजणाऱ्या यंत्रावर असा उघडा सांधा हिरवा पडायला कितीसा वेळ लागणार?

पण सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट प्रवाह मोजणाऱ्या फ्लो मीटरची आहे. टाकीकडे परत जाणाऱ्या बायपासचा फाटा सुटल्यानंतर, नोझलकडे जाणाऱ्या नळीवर तो असायला हवा. येथे तो फाट्याच्या आधी, पंपाला लागून बसवला आहे. म्हणजे टाकीत परत पडणारे पाणीसुद्धा कंट्रोलर वेलीवर गेलेले समजतो, प्रवाह जास्त होतोय असे मानून तो कमी करत राहतो, आणि डिस्प्लेवर एकरी मात्रा अगदी बरोबर दिसत असताना पाने मात्र कोरडी राहतात. हा दोष दाखवला, तर फिटरचे उत्तर काय, तर ‘आकडा बरोबर येतोय ना, साहेब?’

सेटिंगची कथा वेगळी नाही. रुंदीच्या रकान्यात १२ मीटर भरून ठेवले होते, जे शेतातल्या आडव्या बूमचे, म्हणजे नोझल लावलेल्या लांब दांडीचे, माप आहे. बागेत प्रत्येक ओळीतून फिरणाऱ्या ब्लोअरला दोन ओळींमधले अंतरच रुंदी म्हणून द्यावे लागते, आणि ९ फुटांच्या लागवडीत ते २.७४ मीटर होते. एकरी ४०० लिटर आणि ताशी ४ किलोमीटर वेग धरला, तर मिनिटाला साधारण १८ लिटर लागतात. १२ मीटरच्या हिशेबाने हाच आकडा ७९ होतो, जो त्या नोझलांमधून निघणे शक्यच नाही, म्हणून अलार्म अखंड वाजत राहायचा. अलार्म बंद कसा करायचा, एवढे मात्र फिटरने अगत्याने शिकवले.

वर ‘ट्रॅक्टर कितीही वेगाने चालवा, कंट्रोलर सांभाळून घेईल’ हे आश्वासन आहेच, आणि ते धादांत खोटे आहे. दुप्पट वेगाला दुप्पट पाणी लागते, आणि त्याच नोझलमधून दुप्पट पाणी काढायचे तर दाब चौपट करावा लागतो. तेवढा दाब पंप देणार कुठून, आणि दिलाच तर बारीक झालेले थेंब वाऱ्यावर जाणार नाहीत का?

निर्यातीच्या मालात औषधाचा अंश जास्त सापडला, तर नाकारला जातो तो माझा माल. मात्रा कमी पडून डाऊनी घडांवर गेला, तर जळतो तोही माझाच घड. म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. शेवटचा हप्ता मागण्यापूर्वी नोझलचे पाणी माझ्यासमोर मापाच्या बादलीत धरा, मीटरच्या आकड्याशी ताडून कॅलिब्रेशन दुरुस्त करा, अर्धी टाकी भरून बागेतल्याच मातीवर १०० मीटर ट्रॅक्टर चालवून वेग तपासा आणि हे सगळे आकडे बिलाच्या मागे सहीनिशी लिहून द्या. तोपर्यंत पैसे मिळणार नाहीत.