जोकर नाही, मग खेळता काय?

ज्या ऑनलाइन खेळावर सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली, त्या खेळाचा हिशोब द्यायला मी सप्टेंबरात पैसे मोजून बसलो होतो. बंदी या वर्षातली, कमाई गेल्या वर्षातली, त्यामुळे यात विचित्र काही नाही, असं करसल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाने मला समजावलं. मोठ्याने समजावलं. रिटर्नची मुदत १५ तारखेला संपणार, गणपती नुकतेच गेलेले, त्यामुळे डोंबिवलीतल्या त्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात निम्मी सोसायटी हजर. आणि हा स्क्रीनवर माझं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची माझ्या कमाईची कुंडली, उघडून म्हणतो, "साहेब, कलम १९४ बीए दिसतंय. ऑनलाइन जुगार."

"पोकर," मी म्हणालो.

"तेच."

तेच कसं? आयुष्यात शिस्तीने केलेली ही माझी एकमेव गोष्ट. पाच हजार रुपये बाजूला काढले, वर एक पैसा नाही. टेबल एक-दोनचं, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावायची सक्तीची रक्कम, स्मॉल ब्लाइंड एक रुपया, बिग ब्लाइंड दोन. बसायचं ते शंभर बिग ब्लाइंड घेऊन, म्हणजे दोनशे रुपये. म्हणजे पंचवीस वेळा धुऊन निघायची सोय. शिल्लक चार हजारांखाली गेली की निमूट पन्नास पैशांच्या टेबलावर. एका टेबलावर शिलकीच्या पाच टक्क्यांहून जास्त न्यायचे नाहीत, हा नियम अमेरिकन पोकरपटू क्रिस फर्ग्युसनचा. त्याने २००६ साली फुकट्या स्पर्धांपासून सुरुवात करून शून्याचे दहा हजार डॉलर केले ते असेच मोजूनमापून. (पुढे २०११ साली तो भागीदार असलेल्या कंपनीत लोकांचे पैसे अडकले, ते सोडा. नियम चांगला आहे.) एक्क्यांची जोडी हातात असताना समोरचा सत्ती-दुर्रीवर ऑल-इन गेला, म्हणजे होते ते सगळे पैसे लावले, आणि जिंकला, तरी मी मोबाइल भिंतीवर आपटला नाही. साधारण आठांत एकदा असं व्हायचंच. पंचवीस वेळांची सोय असते ती त्याचसाठी.

हे सगळं मी त्या मुलाला सांगायला लागलो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी मांडीवरची पेन्शनची फाइल खाली ठेवली.

"पत्ते खेळता?"

"खेळायचो."

"रमी?"

"नाही, पोकर."

"किती पानं?"

"दोन."

"दोन?" काकांनी ऑफिसभर नजर फिरवली, साक्षीदार शोधल्यासारखी. "दोन पानांत माणूस जुळवणार काय?"

"मध्ये पाच पानं उघडी पडतात. ती सगळ्यांची."

"म्हणजे सामायिक." काकांच्या चेहऱ्यावरून वडिलोपार्जित जमिनीचा एखादा दावा सरकून गेला असावा. "आणि जोकर?"

"जोकर नसतो."

"जोकर नाही, मग खेळता काय?"

काकांनी अख्खी नोकरी फास्ट लोकलमध्ये रमी खेळत काढलेली. चार जणांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस, पॉइंटला पाच पैसे. कुर्ल्याला डाव रंगात आला म्हणून एकदा दादरला उतरायचं राहून गेलं आणि साहेबाचा मेमो आला, हे त्यांनी पदक मिळाल्याच्या सुरात सांगितलं. "रमी कौशल्याचा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. एकोणीसशे अडुसष्ट."

साल बरोबर होतं, हे मला जास्त लागलं. "काका, नव्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन रमीही बंद झाली. कौशल्य असो की नशीब."

"ऑनलाइन! गाडीतली नाही." मग जरा पुढे झुकून, "तुमच्या त्यात थापा मारतात ना?"

"ब्लफ म्हणतात."

"तेच. थापा मारून पैसे. घरी माहितीये?"

घरी माहीत नव्हतं. समोर बसलेल्या आमच्या बी विंगमधल्या वहिनींनी मोबाइलमधून मान वर काढली.

हिशोब असा निघाला. वर्षाची निव्वळ कमाई १,१४० रुपये. त्यातले ३० टक्के, म्हणजे ३४२, टीडीएसमध्ये आधीच कापलेले. आता ही असली कमाई आहे म्हणून आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरावा लागणार. म्हणून फी सातशेऐवजी पंधराशे. उरलेल्या ७९८ मधून वरचे ८०० वजा केले की दोन रुपये तोटा, बरोबर एक बिग ब्लाइंड. करावर चार टक्के सेस धरला तर सोळा रुपये. टेबलावर वर्षभर जे कोणाला जमलं नाही ते एका पीडीएफने केलं.

"तोटा पुढच्या वर्षी ओढता येतो का?" मी विचारलं.

"यात नाही, साहेब."

"आमच्या भाच्याचा ओढलाय की," काका म्हणाले. भाचा शेअर बाजारात ऑप्शन्स करतो. चार लाख गेले. "पण अनुभव मिळाला."

"आठ वर्षं ओढता येतो, काका," मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच आदर ऐकू आला.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. २०२४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी दोन लाखांनी. तो व्यवसाय. त्याच्या तोट्याला आठ वर्षं आयुष्य. आणि मी दोनशे रुपये हरल्यावर मोबाइल ठेवून जेवायला उठतो, तो जुगारी. शिवाय मी भरलेल्या प्रत्येक शंभरातले बावीस रुपये ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीत. पत्ते वाटायच्या आधीच. आता खेळ बंद केला, तर जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या बैठकीत त्यावरचा कर २८ वरून ४० टक्के करायचं ठरलं! बंद दुकानाचं भाडं वाढवायची ही कल्पना कोणाची, त्याच्याशी मला एकदा टेबलावर बसायचंय. माझं बोलणं संपेपर्यंत वहिनींचा नंबर लागून गेला होता.

"ॲपमधले पैसे काढलेत ना?" काकांनी काळजीने विचारलं.

"काढले. साडेपाच हजार होते."

"साडेपाच?" काकांचा चेहरा उजळला. "अहो, तेवढ्यात निफ्टीच्या ऑप्शनचा एक लॉट येतो!" आणि त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या फॉर्म १६ च्या पाठीवर भाच्याचा नंबर लिहायला घेतला.