“आम्हाला कुठे काय झालं?”

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की चारचौघात कोणीतरी हे बोलणारच, की अहो आम्ही एवढी वर्षं हाच धूर खातोय, आम्हाला कुठे काय झालं, शरीराला सवय होते, आजकालची मुलंच नाजूक. मीही पूर्वी मान डोलवायचे.

माझे बाबा या वाक्याचे ब्रँड अ‍ॅम्बेसेडर होते. आयुष्यात सिगरेट नाही, तंबाखू नाही, रोज पहाटे रस्त्याच्या कडेने चालायला जाणार, आणि वर आम्हालाच ऐकवणार. फक्त जिना चढताना मधेच थांबून चपलेचा अंगठा नीट करायचे, नाहीतर खिशातला चष्मा शोधायचे, आणि आम्हाला दोन-तीन वर्षं कळलंच नाही की चप्पल नीटच असते, बाबा दम खातायत. मग ती फुंकर मारायची टेस्ट झाली, स्पायरोमेट्री, त्यात पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर यायला पाहिजे त्याच्या निम्मीच येत होती. मी डॉक्टरांना विचारलं हे हवेमुळेच ना, तर म्हणाले असू शकतं, पण एकट्या तुमच्या वडिलांबद्दल मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकणार. तेव्हा राग आला होता, म्हटलं हा माणूस टाळतोय. नंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले तेव्हा कळलं की तो बिचारा खरं बोलत होता, आणि खरी गोम इथेच आहे. एका माणसाकडे बघून हे दिसतच नाही, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं आपल्याला काही झालं नाही.

आधी “सवय होते”चं बघू. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसावा हिस्सा. मोठी धूळ नाकात अडकते, शिंक येते, घशातून कफ निघतो, कारण श्वासनळ्यांना आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं जे घाण सतत वर ढकलत राहतं. हे बारीक कण मात्र थेट शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, म्हणजे वायुकोशांपर्यंत, आणि तिथे हे केस नसतातच. तिथली सफाई करतात एका प्रकारच्या पेशी ज्या कण गिळून टाकतात, पण कण येतच राहिले तर या पेशी सतत अलार्म वाजवत बसतात आणि मग सूज येते, सूज टिकते, नळ्यांच्या भिंती जाड होतात, आणि जंतू आले तर त्यांच्याशी लढायला ताकद कमी पडते, म्हणून प्रदूषण वाढलं की न्यूमोनिया आणि छातीची इन्फेक्शनं पण वाढतात. आपण दिवसाला २० हजारच्या आसपास श्वास घेतो, तर हे इतक्या वेळा चाललंय. “सवय” आपल्या मनाला होते. खोकला रोजचाच झाला की आपण त्याला खोकला म्हणणं सोडून देतो, बस. आणि हो, कण म्हणजे फक्त डोळ्यांना दिसणारा धूर नाही, गाड्या आणि कोळशाच्या भट्ट्यांमधून निघालेले सल्फर, नायट्रोजनचे वायू आणि शेतातल्या खतांचा अमोनिया हवेतच एकत्र येऊनही हे कण तयार होतात, म्हणजे धुरांडं कुठेतरी लांब असतं आणि छाती भरते भलत्याच वस्तीतल्या माणसाची.

आता माणसाऐवजी वस्ती मोजली तर काय दिसतं ते बघा. अमेरिकेत यूटा व्हॅली नावाचा भाग आहे, तिथला एक मोठा पोलाद कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारे १३ महिने बंद पडला. तिथल्याच आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने हॉस्पिटलच्या नोंदी काढल्या (डॉक्टर नाही हं, अर्थशास्त्रज्ञ, मला हे फार आवडतं), तर शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना ब्राँकायटिस आणि दम्यासाठी अ‍ॅडमिट करायचं प्रमाण कारखाना चालू असताना बंद असतानाच्या जवळपास दुप्पट. तेव्हा अजून २.५ मोजत नव्हते, १० मायक्रॉनपर्यंतचे कण मोजायचे, पण मुद्दा तोच. त्या १३ महिन्यांत जी मुलं आजारी पडली नाहीत त्यांच्या आयांना हे कधी कळलं असेल का, की आपलं पोरगं कशामुळे वाचलं? शक्यच नाही. हॉस्पिटलचं रजिस्टर उघडल्याशिवाय ते कोणालाच दिसलं नसतं.

दुसरं उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियाचं, तिथे संशोधकांनी मुलांच्या फुफ्फुसांची वाढच वर्षानुवर्षं मोजली, त्याच फुंकर टेस्टने. हवा सुधारत गेली तशी १५ व्या वर्षी फुफ्फुसं स्पष्टपणे कमजोर असलेल्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ६.३ आणि पुढे ३.६ टक्क्यांवर आलं, शेवटचा गट २००७ ते २०११ मधला. शंभरात आठच्या जागी चार, ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण फुफ्फुसं विशीपर्यंतच वाढतात, पुढे नुसती उतरण. ज्याची सुरुवातच कमी उंचीवरून झाली तो दम लागायच्या पातळीला इतरांच्या आधी पोचणार, आणि तेव्हा सगळे म्हणणार वय झालं.

लंडनचं १९५२ चं धुकं तुम्ही ऐकलं असेल, डिसेंबरचे पाच दिवस, कोळशाचा धूर, वर गरम हवेचं झाकण बसलेलं त्यामुळे तो धूर हलायलाच तयार नाही. आधी म्हणाले ४,००० लोक जास्त मेले. धुकं गेल्यावरही महिनोन्महिने मृत्यू जास्तच होते, ते सरकारने इन्फ्लुएन्झाच्या खात्यावर टाकले, आणि जवळपास ५० वर्षांनी पुन्हा हिशोब केला तेव्हा आकडा १२,००० च्या घरात निघाला. खातं बदललं की दोष बदलतो, हे तेव्हाही जमायचं.

एकट्या माणसाबद्दल कोणी सांगू शकत नाही असं मी वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे आणि तो लंडनचाच. एला अडू-किस्सी-डेब्रा, नऊ वर्षांची मुलगी, घर गर्दीच्या रस्त्यालगत, तीव्र दमा, तीन वर्षांत २५ हून जास्त वेळा हॉस्पिटल, २०१३ मध्ये गेली. आई लढत राहिली, आधीची चौकशी रद्द करून घेतली, आणि २०२० मध्ये कॉरोनरने (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा तिथला अधिकारी) मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. का शक्य झालं, तर घराजवळच हवेचं मोजमाप होत होतं, त्या नोंदी आणि तिचे अ‍ॅटॅक दोन्ही समोर मांडता आले. त्या चौकशीत हेही निघालं की आईला या धोक्याबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं, माहीत असतं तर तिने काहीतरी पाऊल उचललं असतं. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून बसले होते थोडा वेळ.

आता मास्क आणि प्युरिफायर. एन ९५ नाकाशी नीट घट्ट बसला तर काम करतो, रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. प्युरिफायर बंद खोलीपुरता चांगला. दमेकऱ्याने वापरावंच, माझा विरोध नाही, पण रस्त्यावर दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याने प्युरिफायर कुठे लावायचा? आणि एक्यूआयच्या, म्हणजे हवा किती खराब ते सांगणाऱ्या निर्देशांकाच्या हिरव्या-पिवळ्या रंगांवर फार भिस्त नको, तो बहुतेक वेळा २४ तासांची सरासरी असतो, सकाळच्या गर्दीतला तासभराचा भडका त्यात विरघळून जातो, शिवाय देशोदेशी पट्ट्या वेगळ्या, तीच हवा एकीकडे “मध्यम” आणि दुसरीकडे “वाईट”. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक पातळी एका घनमीटर हवेत १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि त्यांच्याच म्हणण्यानुसार जगातली ९९ टक्के माणसं त्यांच्या मर्यादेपेक्षा खराब हवा घेतायत. म्हणजे “आम्हाला काही झालं नाही” म्हणणाऱ्याला तुलना करायला चांगल्या हवेतला माणूस सापडणंही अवघड.

माझं म्हणणं एवढंच की मोजा. किती जणांना नेब्युलायझर लावला, कोणाचा दम्याचा पंप महिन्याच्या आत संपला, किती पोरं खोकल्याने शाळेत आली नाहीत, हे सगळं कुठल्या ना कुठल्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. हवेचा आकडा एका ऑफिसात, खोकल्याचा दुसऱ्या, दोघांची गाठ कोणी घालत नाही. बाबांच्या टेस्टच्या वेळी मी काउंटरवर विचारलं होतं की हा रिपोर्ट पुढे कुठल्या यादीत जातो का. बाईंनी माझ्याकडे बघितलं, फाईल हातात दिली आणि म्हणाल्या, घरी नीट ठेवा, पुढच्या वेळी येताना आणा.