नेट आभाळातून नाही, समुद्रातून येतं

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. चार दिवसात तीन ग्रुपवर आला म्हणून आता एकदाच लिहितो. त्यातलं म्हणणं असं: नेट सॅटेलाइटवरून येतं, म्हणून पावसात स्लो होतं. समुद्रातल्या केबल तारायंत्राच्या काळातल्या, आता नुसत्या पडून आहेत. रेंज फुल असून स्पीड नाही म्हणजे कंपनी मुद्दाम दाबतेय. आणि 100 च्या स्पीडचा प्लॅन घेऊन डाउनलोडला 12 च मिळतात, बाकीचे 88 कंपनी खाते.

सॅटेलाइटचं आधी बघू, कारण हे कुणीही घरबसल्या तपासू शकतं. टीव्हीच्या डिशला सिग्नल देणारे उपग्रह विषुववृत्तावर साधारण 35,786 किमी उंचीवर असतात. तुमची रिक्वेस्ट वर जाऊन खाली येणार, मग उत्तरही तसंच वर जाऊन खाली येणार, म्हणजे चार फेऱ्या, जवळजवळ 1 लाख 43 हजार किमी. प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 लाख किमी धरला तरी अर्धा सेकंद नुसता प्रवासात गेला. आता मोबाईलवर स्पीड टेस्ट लावा आणि पिंग बघा, म्हणजे रिक्वेस्ट जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ, 30-40 मिलिसेकंद दिसेल, फार तर 100. एवढ्या वेळात तो सिग्नल तिथपर्यंत पोचतसुद्धा नाही हो, परत काय येणार!

आता कुणीतरी स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाइटवरून नेट देणारी सेवा, काढणारच. बरोबर आहे, ते उपग्रह साधारण 550 किमीवरच फिरतात म्हणून तिथे पिंग कमी येतो, पण त्याला वेगळी डिश लावावी लागते आणि त्यांची जमिनीवरची स्टेशनंही शेवटी फायबरलाच, म्हणजे काचेच्या तारांच्या केबललाच, जोडलेली असतात. मला वाटतं घोळ जीपीएसमुळे झालाय. ते खरंच उपग्रहावरून चालतं, त्यामुळे लोकांना वाटतं फोनमधलं सगळंच वरून येतं.

केबल जुन्या म्हणाल तर अटलांटिकमधली पहिली तारेची केबल 1858 ची, ती तीनेक आठवड्यातच मेली. पण 1988 मधे त्याच महासागरात पहिली फायबर केबल पडली आणि तिथून खेळच बदलला. आज खंडाखंडांमधला 95 टक्क्यांहून जास्त डेटा समुद्रतळावरून जातो. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते, आत केसासारख्या काचेच्या तारा, दर काही दहा किमीवर प्रकाश परत जोरदार करणारा अॅम्प्लिफायर, आणि त्याला लागणारी वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधल्या तांब्यातून पाठवतात. ही तुटते बहुतेकदा कशाने, तर मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. जानेवारी 2022 मधे टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, केबल तुटली, आणि ती दुरुस्त व्हायला पाचेक आठवडे लागले. तोवर त्या देशाला सॅटेलाइटच्या तुटपुंज्या लिंकवर भागवावं लागलं. नेट मुळात वरूनच येत असतं तर केबल तुटल्याने कुणाला काय फरक पडला असता?

पावसाचं मात्र अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. डिशचा सिग्नल जोरदार पावसात मार खातो कारण त्याची फ्रिक्वेन्सी जास्त असते. मोबाईल आणि टॉवरमधल्या बहुतेक बँडना पावसाचा फारसा त्रास नसतो. पण बरेच टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्ह लिंकने, म्हणजे बिनतारी, जोडलेले असतात, ती लिंक मुसळधार पावसात कमजोर पडू शकते, शिवाय लाइट जाणं, जॉइंटमधे पाणी शिरणं हे आहेच. म्हणजे पावसात नेट रडतं, कारण तेवढं चुकीचं सांगितलंय.

रेंजच्या काड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, त्या टॉवरवर आत्ता किती जण लोंबकळलेत ते नाही. मॅच सुटल्यावर स्टेडियमबाहेर फोन काढून बघा, काड्या फुल आणि साधा फोटो जात नाही. रोजचा डेटा संपल्यावर कंपनी स्पीड खरंच उतरवते, पण ते प्लॅनमधे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही तो भाग वेगळा.

राहिले ते 88. प्लॅन मेगाबिटमधे असतो, डाउनलोड मेगाबाइटमधे दिसतं, आणि 8 बिटचा 1 बाइट. 100 भागिले 8, साडेबारा. कुणी काही खाल्लेलं नाही.