पंधराच्या पंधरा गोळ्या

आज सकाळी चष्म्याचं घर शोधताना आईच्या ड्रॉवरमध्ये बीपीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी सापडली. पंधराच्या पंधरा गोळ्या जागच्या जागी. मीच आणून दिलेली पट्टी. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे बंद केल्या, तीन आठवडे झाले, मला काही होत नाही.

काही होत नाही! अगं, बीपीचं दुखणं दुखतच नाही, तीच तर त्याची खोड आहे.

मग तिनं फोन काढून मेसेज दाखवला. नॉर्मल बीपी म्हणजे 100 अधिक तुमचं वय, बाकी सगळा औषध कंपन्यांचा डाव. आई 71 ची. म्हणजे 171 पर्यंत बिनघोर. मशीनवर वरचा आकडा 168 आला आणि बाई खूश, "तीननं कमीच आहे की!"

आता माझी आई कोण, तर जन्मभर गणित शिकवलेली बाई. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर मार्क कापायची. पोटच्या पोरीचेही कापलेत. भूमितीत पक्ष आणि साध्य लिहून सिद्धता ढापली, तर वही परत यायची. तिला आज मी विचारलं, या सूत्राची सिद्धता कुठाय? तिनं मेसेजच्या डोक्यावरच्या दोन बाणांवर बोट ठेवलं. "हे बघ, खूप वेळा फॉरवर्ड झालाय असं लिहिलंय. खोटं असतं तर इतक्या लोकांनी पाठवलं असतं का?"

मला हसावं की रडावं कळेना. अहो, ते दोन बाण व्हॉट्सअ‍ॅपनं आपण सावध व्हावं म्हणून लावलेत! मूळ माणसापासून निदान पाच हात फिरून आलेल्या मेसेजवर ते उमटतात. 2020 च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो, तो याच कारणासाठी. धोक्याची पाटी आहे ती. आमच्या मातोश्रींनी तिला गॅरंटीचा शिक्का करून टाकलं.

आणि ते सूत्र म्हणे! ते काही कुणी कालपरवा रचलेलं नाही. एके काळी डॉक्टरच तसं सांगायचे. पुढे कळलं की म्हातारपणी वाढलेलं बीपीही तितकंच घात करतं, पक्षाघात आणतं, हृदयावर ताण आणतं. सूत्र मोडीत निघालं. पण मोडीत निघाल्याचा मेसेज कोण फॉरवर्ड करतं? त्यात ना डाव, ना कट, ना उद्गारचिन्हं.

हो, फोनमुळेच तिला कॉलेजची मैत्रीण चाळीस वर्षांनी सापडली. आणि डॉक्टर दोन मिनिटांत बाहेर काढतात, हेही खरं. मान्य. पण म्हणून गोळ्या ड्रॉवरमध्ये?

मी चिडले. जे बोलू नये ते बोलले, "तू शिकवलंस की काय इतकी वर्षं" वगैरे. तिचं तोंड एवढंसं झालं. ते काही डोळ्यांपुढून हलत नाहीये.

दुपारी जरा शांत झाल्यावर वाटलं, ही काय एकटी आहे का? 1977 मध्ये अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं खरीखोटी विधानं ऐकवली होती. जी पुन्हा पुन्हा कानावर पडली ती पोरांना जास्त खरी वाटू लागली. तेव्हा ना फोन होते ना ग्रुप. आईला हे सूत्र दिवसाआड येतंय, चार ग्रुपांवर, कधी फोटो, कधी व्हिडिओ. व्हिडिओतला पांढऱ्या कोटातला माणूस तिला "ताई" म्हणतो, सावकाश बोलतो, सगळं पुन्हा समजावून सांगतो. मी काय करते? एका हातानं पट्टी ठेवते, "घे गं वेळेवर" म्हणते आणि लॅपटॉप उघडते.

मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो आपण, हे मीही कित्येक वर्षं लोकांना ऐकवत होते. साफ खोटं आहे ते. मला तरी कुठे कुणी पायऱ्या मागितल्या?

संध्याकाळी पुन्हा तिच्यापाशी बसले. डॉक्टरांना फोन लावून तिलाच बोलायला दिलं. त्यांनी सांगितलं तसं तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं, गोळी किती वाजता, मशीन कधी लावायचं, उद्या दाखवायला कधी यायचं. अक्षर तेच, फळ्यावरचं. गोळी घेतली, भांडं खाली ठेवलं आणि अगदी सहज म्हणाली, "पण मला एक सांग, तुलाही पटलं होतं ना?"

मला काय?

तिनं घरच्या ग्रुपवर तोच मेसेज काढून दाखवला. खाली सहा अंगठे. त्यातला एक माझा. कधी दिला, आठवतही नाही. वाचलाही नसेल, ग्रुपवर आपलं कुणाला वाईट वाटायला नको म्हणून देतो तसा दिला असेल.

हे लिहायला बसायच्या आधी जाऊन तो अंगठा काढला. बाकीचे पाच अजून आहेत. ज्यांचे आहेत ते इथे आहेतच.