बाजूला उभे राहा, साहेब

"बाजूला उभे राहा, साहेब. मागच्या पॅशिंजरला जाऊ द्या."

आणि मी बाजूला उभा राहिलो. राग येतो तो याचाच. हे फर्मान सोडणाऱ्याला मला बाजूला काढायचा काडीचाही अधिकार नव्हता. तो दारावरचा रखवालदार नव्हता, पोलीस नव्हता, पुरातत्त्व खात्याशी तर त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. तो सांगलीकडचा निवृत्त एसटी कंडक्टर होता आणि माझ्यासारखाच दिल्ली बघायला आला होता. त्याने कशाचंही बुकिंग केलेलं नव्हतं. मी सगळ्याचं केलेलं होतं.

सगळ्याचं म्हणजे सगळ्याचं. नाताळच्या सुट्टीत बायको, दोन मुलं आणि आई यांना घेऊन दिल्ली-आग्रा करायचं ठरलं, तेव्हाच मी जाहीर केलं की, या वेळी रांगेत उभं राहायचं नाही. मग वहीत रकाने आखले. दिल्लीत सोमवार हा अत्यंत वाईट वार. लाल किल्ला बंद, राष्ट्रपती भवन बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद. म्हणून सोमवार आग्र्याला दिला. आग्र्यात शुक्रवार वाईट, त्या दिवशी ताजमहाल बंद. बायकोला ताजमहाल चांदण्यात बघायचा होता. ती सोय आहे, पण फक्त पौर्णिमेला आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन रात्री. पन्नास-पन्नास जणांचा गट, प्रत्येक गटाला अर्धा तास, तिकीट आदल्या दिवशी काढायचं, आणि पौर्णिमा शुक्रवारी आली तर चंद्र एकट्यानेच बघणार. आमच्या लग्नाचा मुहूर्त याहून सोपा निघाला होता. चांदणं रद्द केलं.

मेहुणा ॲमस्टरडॅमला असतो. त्याला फोनवर हे रडगाणं ऐकवलं, तर तो म्हणाला, "हे काहीच नाही. इथे ॲन फ्रँकचं घर बघायचं तर दर मंगळवारी सकाळी दहाला तिकिटं सुटतात, तीही सहा आठवड्यांनंतरची. मिलानला 'लास्ट सपर'समोर पंधरा मिनिटं उभं करतात आणि बाहेर काढतात." परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना आपलं दुःखही इंपोर्टेड लागतं. पंधरा मिनिटांत आमच्याकडे नुसता फोटोत कोण कुठे उभं राहणार हे ठरतं.

मग फॉर्म. प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार, ओळखपत्राचा क्रमांक. ओटीपी बायकोच्या फोनवर. मी बाहेरच्या खोलीतून "ओटीपी सांग" म्हणून ओरडायचो, आतून "तिसरी शिट्टी होऊ दे" असं उत्तर यायचं, आणि तिसरी शिट्टी होईपर्यंत ओटीपी बाद झालेला असायचा. शेवटी सगळं जमलं. तिकिटांच्या प्रिंट काढल्या, वारांप्रमाणे लावल्या, प्लास्टिकच्या फायलीत घातल्या. फाइल छोटी होती, म्हणून प्रत्येक कागदाची मधोमध एक घडी घातली. ही घडी लक्षात ठेवा.

त्या स्मारकाचं नाव मी सांगणार नाही, कारण वास्तूचा काही दोष नाही. ती बांधली तेव्हा क्यूआर कोड निघायचा होता. तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की, आगाऊ तिकीट काढल्याने खिडकीची रांग वाचते. झडतीची रांग सगळ्यांना एकच. आमच्या पुढे साताऱ्या-सांगलीकडच्या एका यात्राकंपनीची माणसं होती. डोक्याला मफलर, टोप्या, नऊवारीवर स्वेटर. शेवटचा माणूस मागे वळला, माझ्या हातातल्या फायलीकडे बघितलं आणि तळवा पुढे केला.

"बघू तिकीट."

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तो तळवा ओळखू येतो. त्याच्यासमोर वाद घालायचा नसतो. मी कागद दिला.

त्याने तो हातभर लांब धरून वाचला. उलटा करून कोरी बाजू बघितली. "सिरीज न्हाई, शिक्का न्हाई, पंच न्हाई," तो म्हणाला. "एसटीत बत्तीस वर्सं तिकटं फाडली साहेब. आसलं तिकीट न्हाई बघितलं. कवा काढलं म्हनायचं?"

"महिना झाला."

"म्हैना!" त्याने पुढे वळून सगळ्या यात्रेला वर्दी दिली. "ह्या साहेबांनी म्हैन्याआधी काढलंय!" सगळ्या टोप्या आणि सगळे अंबाडे माझ्याकडे वळले. "म्हंजे रिझर्व्हेशन. मग शीट नंबर कुटला?"

"इथे सीट नसते हो. उभ्यानेच बघायचं."

"शीट न्हाई तर रिझर्व्हेशन कशाचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. घरी आल्यावर बराच विचार केला, आताही नाही.

"कितीला पडलं?"

"खिडकीवर ४० रुपये आहे, ऑनलाइन ३५." मी हे जरा ठासून सांगितलं. त्याने पाच रुपयांवर मनातल्या मनात काही हिशेब केला आणि तो तोंडावर आणला नाही. एवढीच एक गोष्ट त्याने त्या दिवशी मनात ठेवली. मग तो आईकडे वळला. "मावशी, वय किती?"

"शहात्तर."

"पंच्याहत्तरच्या वर! मग आमच्याकडं फुकाट हुत्या की. हितं घेत्यात काय पैशे?" घेतात म्हटल्यावर त्याने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "आनि ताईस्नी? आर्धं तरी?" इथे अर्धं नाही म्हटल्यावर तर त्याला दिल्लीबद्दल काही आदर उरला नाही. रांगेत उभ्याउभ्या त्याने माझ्या आख्ख्या कुटुंबाला केंद्र सरकारने नाकारलेल्या सवलती बहाल केल्या. आई सुखावली. तिचं शहात्तर वय ऐकून इतकं कौतुक याआधी कुणी केलं नव्हतं.

हिशेब माझ्या बाजूला वळवावा म्हणून मी म्हणालो, "इथे पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना काहीच पडत नाही."

ही बाब मी काढायला नको होती, असं आपल्याला वाटेल. पण शासनाचा नियम सांगणं हा गुन्हा कधीपासून झाला? त्याची नजर माझ्या मुलावर गेली. मुलगा तेरा वर्षांचा आहे, माझ्या खांद्याला लागतो आणि ओठावर जरा काळं दिसायला लागलंय. बत्तीस वर्षं हाफ तिकिटांमागे लपलेले बाप्ये पकडण्यात गेलेली ती नजर. तिने मुलाला टाचेपासून केसांपर्यंत मोजलं.

"ह्याचं फुकाट काढलंय?"

"तेरा वर्षांचाच आहे."

"कितवीला रं तू?" त्याने थेट मुलालाच विचारलं. हा चेकिंगचा जुना डाव. बाप खोटं बोलतो, पोर बोलत नाही. "आठवी," मुलगा म्हणाला. कंडक्टरने बोटांवर काहीतरी मोजलं, नाइलाजाने मान हलवली आणि कागद मला परत दिला. त्यासरशी माझा जीव भांड्यात पडला. मी एका परक्या शहरात, वैध तिकीट हातात असताना, ज्याला तपासायचा हक्क नाही अशा माणसाच्या तपासणीतून सुटलो म्हणून सुस्कारा टाकत होतो.

"पन येक सांगतू," तो म्हणाला. "ह्या चौकोनावरनं घडी गेलीया. आमच्या यात्रावाल्यानं आत्ता भिंतीवरच्या चौकोनापुढं मोबाइल धरला, समद्यांची तिकटं आली. त्येचा चौकोन सपाट हुता. तुमचा मोडलाय. घेनार न्हाई मशीन."

मशीनने घेतला नाही. दारावरच्या माणसाने कागद इकडून लावला, तिकडून लावला, बाहीने पुसला. लाल दिवा. मागून धक्के. आणि तेव्हा ते वाक्य आलं, खड्या आवाजात, बत्तीस वर्षांच्या सरावाने: "बाजूला उभे राहा, साहेब. मागच्या पॅशिंजरला जाऊ द्या." दारावरच्या दिल्लीकराला मराठीचं अक्षर कळत नसावं, पण त्यानेही मला हाताने तिकडेच दाखवलं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि बिनबुकिंगची यात्रा माझ्यासमोरून एकेक करून आत गेली. प्रत्येकाने जाताना माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. एक आजी म्हणाल्या, "व्हईल हं तुमचंबी." आई त्यांच्याबरोबर आत जायला निघाली होती, तिला तिकीट नाही हे तिच्या गावीही नव्हतं.

फोनवर मेल उघडत होती. म्हणजे ते गोल चक्र फिरत होतं. ते फिरत असतानाच माझ्या मुलीने भिंतीवरचा कोड स्कॅन केला आणि चार नवी तिकिटं काढली. अर्धा मिनिटही लागला नसेल. तीही ३५ रुपयांनीच. जेवलेलं ताट न उचलणाऱ्या मुलीने माझा महिनाभराचा उद्योग उभ्याउभ्या निकालात काढला, आणि बायको म्हणाली, "बघ, किती सोपं होतं."

मला सांगायचंय ते असं की, सोपं नव्हतं. ज्याच्याकडे नेटवर्क आहे, फोनमध्ये पैसे आहेत आणि सोळा वर्षांची मुलगी आहे, त्याला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी आणखी एका ठिकाणी तिकिटांची खिडकी बंद होती. काचेवर कागद चिकटवलेला: फक्त ऑनलाइन. तिथे एक म्हातारा-म्हातारी उभे होते. म्हाताऱ्याच्या हातात पाचशेची नोट होती आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवून हिंदीत विचारत होता की, हिचं तिकीट कुठे मिळेल. लोक भिंतीवरच्या कोडकडे बोट दाखवून पुढे जात होते. पाचशेच्या नोटेच्या पाठीवर लाल किल्ला छापलेला आहे. ज्या नोटेवर सरकार आपल्या हाताने किल्ला छापतं, ती घेऊन त्याच शहरात माणसाला दाराबाहेर ताटकळावं लागतं, आणि हे कुणाला चमत्कारिक वाटत नाही. गर्दीला शिस्त हवी, मान्य. काळाबाजार थांबतो, तेही मान्य. पण एक खिडकी उघडी ठेवून त्यात एक माणूस बसवायला काय जातं? मुलीने त्यांची दोन तिकिटं काढून दिली. म्हातारा पैसे घे म्हणून मागे लागला. तिच्याकडे सुटे नव्हते, त्याच्याकडे नोट सोडून काही नव्हतं. तो बराच वेळ आमच्या मागून चालत राहिला. त्याला फुकट नको होतं.

असो. चिडायला लागलो की, बायको म्हणते, तू सुट्टीवर आहेस.

सुट्टी मात्र दिसेना. आधी बुकिंग केलं की, आपण जागा बघत नाही, वेळ पाळतो. राष्ट्रपती भवनाची वेळ ठरलेली, म्हणून त्याआधीचं सगळं पळत. एवढ्या ३४० खोल्यांच्या घरात राष्ट्रपतीही इतक्या घाईने हिंडत नसतील. ताजमहालच्या तिकिटाची मुदत तीन तास. बांधायला वीसेक वर्षं लागली, पण आपण तीन तासांत उरकायचं. कबरीपर्यंत जायचे वेगळे २०० रुपये, तेही मी आधी भरलेले. पहाटे गर्दी नसते म्हणून आम्ही थंडीत कुडकुडत भल्या पहाटे तिथे हजर झालो. गर्दी खरंच नव्हती. ताजमहालही नव्हता. आग्र्यात डिसेंबरच्या धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, घुमट कुठून दिसायचा! गाइड जिथे बोट दाखवत होता तिकडे आम्ही श्रद्धेने बघत होतो. तीन तास संपत आले तेव्हा एक मिनार अर्धवट उगवला.

दुपारी आईच्या फोनवर फोटो आला. लख्ख ऊन, पांढराशुभ्र ताजमहाल, समोर नऊवाऱ्या आणि टोप्या, आणि मधोमध, माणसांना हाताने मागे सारत, तो. त्यांची बस वाटेत पिठलं-भात करून निवांत बारा वाजता पोचली होती.

"यांच्याकडे तुझा नंबर कसा?" मी आईला विचारलं.

"त्या दिवशी दिला की. तू फायलीत डोकं घालून बसला होतास. त्यांनी मला बसमध्ये भाकरी दिली, शेंगदाण्याची चटणी दिली. तू बोलवायला आलास तेव्हा तर ते घंटी मारणार होते."

ते मला चांगलंच आठवत होतं. मी घड्याळ दाखवत आईला उठवत होतो, आणि कंडक्टर बसच्या दारात उभा राहून ओरडला होता, "साहेब लेट झाल्यात, डबल बेल द्या!" सगळी बस हसली होती. माझी बायकोही.

"तुझाही नंबर दिलाय," आई म्हणाली.

परवा फोन आला. "वळाकलं का साहेब?" आवाज ओळखायला वेळ लागला नाही. त्यांना आता तिरुपतीला जायचंय. ते ३०० रुपयांचं दर्शन म्हणे बरंच आधी ऑनलाइन काढावं लागतं. "अठरा मानसं हाईती. तुमचा हात बसलाय त्या कामाला. तेवडं काढून द्या."

मी नाही म्हणणार होतो. पण त्याच्या आवाजातही तो तळवा आहे. संध्याकाळपासून व्हॉट्सॲपवर आधारकार्डांचे फोटो येताहेत, काही आडवे, काही अंगठ्यासकट. नवी फाइल आणली आहे, मोठी. फॉर्म भरताना दिसलं की, अठरातल्या अकरा जणांची जन्मतारीख १ जून आहे. काहीतरी घोटाळा असेल म्हणून त्याला फोन लावला.

"घोटाळा कसला? मास्तरांनी शाळंत घालताना लिवली तीच," तो म्हणाला. "एसटीचा वाढदिवसबी एक जूनच. तुमी भरा."